दोन व्याही, एक तंबू

माझ्या मुलीच्या, अल्तिनायच्या, कानात तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी डूल घातले, म्हणजे लग्न पक्कं झालं, त्या दिवशी जेवताना मी दोन वाक्यं जास्त बोललो. एरवी मी बोलघेवडा नाही. काराकोलच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात एकवीस वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस मोजकंच बोलतो. आमच्या खिडकीशी लोक येतात ते रडत तरी येतात, नाहीतर लाजत तरी. दोन्ही प्रसंगी आपण गप्प राहून शिक्का नीट उमटतोय एवढं पाहायचं असतं. पण त्या दिवशी समोर व्याही बसले होते.

व्याही ओमुरझाक म्हणजे बालिकचीचे जुने पशुवैद्य. माणूस एवढा आडवा की आमच्या दारातून त्यांना खांदा तिरका करून आत यावं लागलं. मेंढीचं डोकं मानाप्रमाणे त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्यांनी कान कापून मुलांना दिला, सुरी पुसली आणि म्हणाले, "कुदा," म्हणजे व्याहीबुवा, "ही थंडी काहीच नाही. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा भर जानेवारीत, पाठीवर लसींची पेटी, पायात स्की, एकटा खिंड ओलांडून मेंढपाळांच्या तळावर गेलोय. रात्री बर्फात खड्डा खणला आणि झोपलो."

सगळा दिवाणखाना त्यांच्याकडे पाहायला लागला. मग, जसं होतं, सगळा दिवाणखाना माझ्याकडे पाहायला लागला. मुलीचा बाप म्हणून माझ्या खात्यावर काय आहे? बावीस हजार विवाह आणि एक दमा.

"आम्हीही विद्यार्थी असताना थंडीत तीन-तीन रात्री काढल्यात," मी म्हणालो. "आणि स्कीचं म्हणाल, तर त्या पायात असल्या काय, नसल्या काय, मला फरक कळत नसे."

यातलं दुसरं वाक्य तंतोतंत खरं होतं. स्की माझ्या पायात कधी नव्हत्याच, त्यामुळे फरक कळायचा प्रश्न नव्हता. माझी बायको झूरा समोवारमागून माझ्याकडे एकदाच बघून पुन्हा चहा ओतायला लागली. व्याह्यांसमोर ती बोलत नाही. साठवून ठेवते.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण जावईबापू एर्मेक, जे बिश्केकला कॉम्प्युटरवर काहीतरी करतात आणि दर हिवाळ्यात डोंगरात जातात, ते ताडकन उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "मग ठरलं," ते म्हणाले. "लग्न झालं की मार्चमध्ये आपण जाऊ. मी, अल्तिनाय आणि तुम्ही दोघं. दोन रात्री, तंबूत, बर्फात. माझं किती वर्षांचं मनात होतं."

"जाऊ की," व्याही म्हणाले. आवाज जरा खालच्या पट्टीत गेला होता, पण मी तेव्हा स्वतःच्याच आवाजाच्या चिंतेत होतो.

आता फेब्रुवारी उजाडला होता. म्हणजे मला एका महिन्यात असा माणूस व्हायचं होतं जो मी तीस वर्षांपूर्वी होतो असं मी सांगितलं होतं. चौकशी करता कळलं की जिर्गालानला एक वाटाड्या आहे, तो चार दिवसांत डोंगरातलं स्की आणि बर्फातला मुक्काम दोन्ही शिकवतो. फोन लावला तर एका मुलीनं उचलला.

"सैकाल बोलतेय."

"मुली, वडील आहेत का घरी?"

"आहेत. पण ते बटाटे लावतात. स्की मी शिकवते."

मी म्हणालो, अर्थातच, तेच मला म्हणायचं होतं. तिनं फोनवर एक फॉर्म पाठवला. त्यात 'पूर्वीचा अनुभव' असा रकाना होता. माझ्यासमोर कुणी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर मी तो परत करतो, तेव्हा मी खरं तेच लिहिलं: काहीही नाही. वाचणारी एक मुलगी आणि तिचा बटाटेवाला बाप, मग भीती कुणाची?

दुसरा रकाना आरोग्याच्या दाखल्याचा. मी दवाखान्यात गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, स्कीसाठी दाखला असा नसतोच. छापील दाखले तीन: वाहन चालवण्याचा, आरोग्यधामात राहण्याचा आणि शस्त्र बाळगण्याचा. वाहनाच्या दाखल्याला डोळे तपासायला लागतात आणि डोळ्यांची डॉक्टरीणबाई रजेवर होती. आरोग्यधामाच्या दाखल्यावर 'पूर्ण विश्रांतीची गरज' असं आधीच छापलेलं होतं. राहिलं शस्त्र. डॉक्टरांनी माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली: शस्त्र बाळगण्यास शारीरिक व मानसिक दृष्ट्या योग्य.

"हे चालेल का हो?" मी विचारलं.

"ज्याच्या हातात बंदूक देता येते," ते म्हणाले, "त्याच्या हातात काठ्या द्यायला कुणाची हरकत असेल?"

एका स्वल्पविरामासाठी लोकांना परत पाठवणारा मी, तो दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीप्रमाणे त्याची एक प्रत काढून घरच्या फायलीत ठेवली. प्रत काढून ठेवणं हे आमच्या धंद्यातलं व्यसन आहे. त्याचा पुढे जो त्रास झाला तो कुठल्याही व्यसनाचा होतो तसाच.

तिसरा रकाना: काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवावं. झूराचं नाव लिहिणं शक्य नव्हतं, कारण तिला मी सांगितलं होतं की नारिनला वरिष्ठ नोंदणी अधिकाऱ्यांचं चार दिवसांचं प्रशिक्षण आहे. मग माझी दुय्यम अधिकारी गुलबारा हिचं नाव दिलं आणि तिला तोंड बंद ठेवायला बजावलं. हेही सांगतो की त्या रात्री मला झोप लागली नाही. मी डोंगरातच गेलो तर माझ्या मृत्यूची नोंद आमच्याच कार्यालयात होणार, म्हणजे गुलबाराच करणार. आणि ती माझं नाव, 'तोक्तोसुन', लिहिताना 'क' गाळते. एकवीस वर्षं लोकांची नावं सांभाळली आणि आपण चुकीच्या स्पेलिंगनं जायचं, हा विचार सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून माझं नाव दहा वेळा लिहून घेतलं. कारण सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, पण त्या दिवशी तिनं मला स्वतःहून दोनदा चहा आणून दिला.

शेजारच्या स्तेपानिचपासून मात्र काही लपेना. हा पंचाहत्तर वर्षांचा रशियन म्हातारा दिवसभर खिडकीत बसून आमचं अंगण वाचत असतो. झूरा उठायच्या आत पहाटे अंगणात मी दोन फळकुटं पायाला बांधून चालायचा सराव करताना त्यानं पाहिलं आणि कुंपणावरून सल्ले सुरू केले. छातीला बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या जनावराची, चरबी चोळ. पायात मोजे घालू नको, वर्तमानपत्र गुंडाळ. बर्फात झोपताना दक्षिणेकडे डोकं कर, कारण त्याच्या पलटणीत उत्तरेकडे डोकं करून झोपलेला एक जण सकाळी उठला तो सगळ्यांशी युक्रेनियनमध्येच बोलायला लागला. चरबीची बरणी त्यानं कुंपणावरून माझ्या हातात दिली. तिचा वास असा की मी ती कुलूप लावून शेडमध्ये ठेवली, तर शेडभोवती गल्लीतली कुत्री गोळा झाली.

झूरानं माझी बॅग भरली. सूट, दोन टाय, पॉलिशचे बूट. प्रशिक्षणाला जायचं म्हणजे नीट जायला हवं. मी काय बोलणार? सूट, दोन टाय आणि पॉलिशचे बूट घेऊन मी डोंगरात गेलो.

जिर्गालानला सैकालच्या घरी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात वाफ भरलेली होती. वाफेपलीकडे टेबलाशी एक पाठ होती. तेवढ्या रुंदीची पाठ आमच्या सबंध प्रांतात एकच आहे.

"कुदा," मी म्हणालो.

पाठ हळूहळू वळली. "कुदा," व्याही म्हणाले.

मी बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही इकडे कसे?"

"याक," ते म्हणाले. "लसीकरण."

"फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीतच घ्यावं लागतं. तुम्ही?"

"नोंदणी. डोंगरातल्या लोकांचे जन्म नोंदवायचे राहून जातात."

"हो, राहून जातात," व्याही मनापासून म्हणाले, आणि आम्ही दोघांनी सुटकेचा चहा प्यायला. लग्नाचा हॉल काराकोलला घ्यायचा की बालिकचीला, यावरून आठवडाभरापूर्वी आमची फोनवर दोनदा चांगलीच जुंपली होती. पण त्या घोटाला आम्ही एकमेकांचे जिवलग होतो. तेवढ्यात सैकाल आत आली. चोवीस वर्षांची, बुटकी, गाल थंडीनं करपलेले, हातात कागद.

"आलात दोघंही," ती म्हणाली. "ओमुरझाक आबा, अनुभव: काहीही नाही. तोक्तोसुन आबा, अनुभव: काहीही नाही. बरं झालं, एकाच पातळीवर आहात." मग तिनं माझा दाखला पाहिला, उलटून पाहिला. "आबा, बंदूक आणली नाहीत ना?"

व्याह्यांचा पावाकडे गेलेला हात वाटेत थांबला.

"अनुभवाचं मी नम्रपणे लिहिलं होतं," ते जरा वेळानं म्हणाले.

"मीही," मी म्हणालो. "फॉर्मवर बढाई बरी दिसत नाही."

"नाहीच दिसत."

सैकालनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या आठला. बूट ओले करू नका."

पहिला दिवस उभं राहण्यात गेला. पाय लांबले की माणूस उभा कसा राहतो हे तो विसरतो. डोंगर चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, तिचे केस मागे घसरू देत नाहीत, आणि टाच मोकळी ठेवायची. उतरताना पट्टी काढायची आणि टाच अडकवायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्या उतारावर मी काठ्या काखेत धरल्या, गुडघे वाकवले आणि अत्यंत डौलात उतरू लागलो. बराच वेळ उतरलो. व्याही वरून कौतुकानं पाहत होते. मग सैकाल म्हणाली, "आबा, पट्टी काढायची राहिलीये. तुम्ही हललेला नाहीत."

"आमच्या वेळी लाकडी स्की असत," मी म्हणालो.

"लाकडीच," व्याही लगेच म्हणाले. "त्या आपोआप जायच्या." ते स्वतः तेव्हा बसलेले होते. पडले होते असं मी म्हणणार नाही. व्याही कधी पडत नाहीत. ते बर्फाची प्रत बघायला खाली बसत, आणि त्या दिवशी त्यांनी ती चौदा वेळा पाहिली.

दुपारी बीपर. हे छातीशी बांधायचं यंत्र. एरवी ते हाका मारत राहतं, आणि कुणी बर्फाखाली गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं ऐकण्यावर लावून त्याला शोधायचं. सैकालनं एक बीपर पोत्यात घालून बर्फात पुरला आणि आम्हाला शोधायला सोडलं. व्याही यंत्रावरच्या बाणाच्या मागे मागे निघाले. बाण त्यांना उताराभोवती फिरवून थेट माझ्यापुढे घेऊन आला. ते बाजूला झाले, पुन्हा निघाले, पुन्हा माझ्यापुढे आले.

"कुदा, तुम्ही जरा सरकता का?"

मी सरकलो. बाणही सरकला. तिसऱ्या खेपेला त्यांनी बर्फात खुपसायची लांब सळई माझ्या बुटाला टोचून पाहिली.

"तोक्तोसुन आबांचं यंत्र अजून हाका मारतंय," सैकाल वरून म्हणाली. "पोत्यातला माणूस चार मिनिटांपूर्वी गेला."

नोंदणी अधिकाऱ्याला हे ऐकायला कसं वाटतं ते इतरांना कळणार नाही. मी नकळत घड्याळात वेळ पाहिली.

दुसऱ्या दिवशी सामान पाठीवर घेऊन चढलो. दुपारपर्यंत व्याह्यांच्या श्वासाचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा येत होता, आणि त्या आवाजाखाली माझा लपत होता म्हणून मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होतो. झाडांच्या वर एका सपाटीवर सैकालनं फावडी दिली. बर्फ तुडवून ओटा करायचा, वाऱ्याच्या बाजूला बर्फाच्या विटांची भिंत रचायची, पिशव्यांत बर्फ भरून त्या पुरायच्या आणि तंबूच्या दोऱ्या त्यांना ताणून बांधायच्या. एक पिशवी कमी पडली. मी बॅगेतून सुटाची पँट काढली, पाय बांधले, बर्फ भरला आणि पुरली. दोरी कमी पडली तिथे टाय लावला. सैकाल गाठ तपासून म्हणाली की सबंध तंबूत हीच एक गाठ सुटणार नाही. त्या चार दिवसांत मला मिळालेली ती पहिली शाबासकी. टाय बांधायला मी एकवीस वर्षं रोज शिकत होतो, त्याचं चीज झालं.

स्वयंपाक माझ्याकडे होता. बर्फ वितळवून पाणी करायचं. मी भांडं काठोकाठ बर्फानं भरलं आणि शेगडीवर ठेवलं, आणि बर्फ जळला. बर्फ जळतो हे मला चोपन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तळाशी आधी घोटभर पाणी ठेवायचं असतं, नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला असा वास येतो की जणू कुणी इस्त्री उकळलीये. त्या पाण्याच्या शेवया आम्ही खाल्ल्या. व्याही म्हणाले, छान धुरकट झाल्यात. व्याही आहेत, काय म्हणणार?

खरी अडचण पुढे आली. सैकालचा तंबू वेगळा, लहानसा. आमचा तंबू दोघांचा. ही 'दोघं' कोण, हे तंबू करणाऱ्यांनी कुठे लिहिलेलं नव्हतं. पण ती ओमुरझाक आणि मी नव्हे हे नक्की. त्यात मानाचा प्रश्न. दारापासून लांबची, आतली जागा पाहुण्याची.

"कुदा, तुम्ही आत व्हा," मी म्हणालो.

"छे, मुलीचे वडील तुम्ही. तुम्ही आत."

"वयानं तुम्ही मोठे."

"पण डोंगर तुमच्या काराकोलचा. इथे मी पाहुणा कसा होईन?"

"पाहुणे तुम्हीच की. म्हणून तर आत."

बाहेर वजा अठरा होतं. सैकालनं तिच्या तंबूतून हाक दिली, "आबा, डोकी दाराकडे ठेवायची. हवा लागते. आत पाय जातात."

यावर आम्ही विचार करत बसलो. मानाच्या जागेकडे पाय करून झोपणं मला शक्य नव्हतं, आणि व्याह्यांचे पाय मानाच्या जागेकडे आणि माझं डोकं त्यांच्या डोक्याशेजारी, हे त्यांना अवघड वाटत होतं. अखेर थंडीनंच निकाल दिला. दोघंही एकदम शिरलो, अडकलो, आणि जसे अडकलो तसेच झोपलो. झोपायच्या पिशवीत बुटांचे आतले अस्तर, पाण्याची बाटली, दिव्याची बॅटरी, सगळं पोटाशी घेऊन झोपायचं असतं, नाहीतर गोठतं. त्यात स्तेपानिचची चरबी मी छातीला चोळली होती. मध्येच व्याही अंधारात म्हणाले, "कुदा, तुम्हाला काही जनावराचा वास येतोय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मला वाटतं, बिज्जू असावा. जखमी."

"जाईल तो," मी म्हणालो.

पहाटे पाहिलं तर दोन्ही पिशव्यांवर आमच्या श्वासाचा बर्फ साठला होता आणि व्याह्यांनी त्यांची जाड लोकरी टोपी केव्हातरी माझ्या डोक्यावर घातलेली होती. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला रुमाल होता. टोपी परत देताना मी ती दोन्ही हातांनी दिली.

तिसऱ्या दिवशी सैकाल आम्हाला कड्याच्या खालच्या खांद्यापर्यंत घेऊन गेली. तिथे तिनं बर्फात खड्डा खणला, एक चौकोनी खांब कापला आणि त्यावर फावडं ठेवून वरून हातानं थापट्या मारल्या. किती थापट्यांना थर सुटतो ते पाहायचं. सुटला नाही. "उतार बरा आहे," ती म्हणाली. "पण झाडांत शिराल तेव्हा बुंध्यापासून लांब. फांद्यांखाली बर्फ पडत नाही, बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो आणि वरून दिसत नाही. मी पुढे जाते. ओमुरझाक आबा मध्ये, तोक्तोसुन आबा शेवटी. एकमेकांना नजरेआड करू नका."

व्याही माझ्यापुढे पन्नास पावलांवर होते. त्यांनी चांगली चार वळणं घेतली. मी बघत होतो आणि मला, प्रामाणिकपणे सांगायचं तर, जरा हेवा वाटला. पाचव्या वळणाला ते स्प्रूसच्या एका मोठ्या झाडाजवळून गेले आणि दिसेनासे झाले.

मी खाली पोचलो तेव्हा झाडाशी दोन स्की उभ्या होत्या. स्कींना बूट होते. बुटांच्या खाली बर्फ होता, बाकी काही नव्हतं.

आधी एक बूट हलत होता. मग हलायचा थांबला.

त्या क्षणाचं मी फारसं सांगत नाही. एवढंच की हजारो लोकांच्या नावापुढे मी मृत्यूची तारीख लिहिली आहे, आणि ही एक लिहायची माझी तयारी नव्हती. सैकाल खाली दिसत नव्हती. मी शिट्टी फुंकली आणि बूट धरून ओढायला लागलो. मग तिनं शिकवलेलं आठवलं: ओढायचं नाही, आधी श्वास. वरून नाही, बाजूनं. मी उताराच्या बाजूला गुडघ्यांवर बसलो आणि खणायला लागलो. फावडं मोठं वाटलं तेव्हा हातांनी खणलं. किती वेळ ते मला माहीत नाही. सैकाल नंतर म्हणाली, तीन मिनिटंही नाही. आधी मिशी सापडली. मिशीच्या वर, म्हणजे खाली, नाक. तोंड बर्फानं भरलेलं होतं, त्यात मी दोन बोटं घातली, जशी ते स्वतः वासरांच्या तोंडात घालतात. त्यांनी बोट चावलं. बोटाचं टोक आजही जरा वाकडं आहे. मला त्या चावण्याइतकं बरं आयुष्यात क्वचितच काही वाटलं असेल.

ते खोकले. पुष्कळ खोकले. अजून उलटेच होते, खांद्यांपर्यंत गाडलेले, चेहरा माझ्या गुडघ्याशी.

"कुदा," ते म्हणाले. "ती खिंड."

"आत्ता बोलू नका. मी खांदे मोकळे करतो."

"मी लॉरीनं गेलो होतो."

"बरं."

"लसीही लॉरीत होत्या. झोपलो तो मेंढपाळाच्या घरात. गादीवर."

मी खणत राहिलो. आता सांगतो, तीन-चार सेकंद आमच्या नव्या सोयरिकीत इज्जतदार माणूस मी एकटाच होतो, आणि ते अंगाला ऊन लागावं तसं सुखाचं होतं. मी तसाच राहू शकलो असतो. पण त्यांचं डोकं खाली होतं आणि ते माझ्याकडे उलटे बघत होते, आणि अशा माणसापुढे ताठ बसणं मला जमेना.

"मी फ्रुंझेला, कॉलेजच्या वसतिगृहात झोपलो होतो," मी म्हणालो. "खिडकीची काच फुटली होती, एवढंच."

त्यांनी जरा विचार केला. "तीन रात्री?"

"दोन. तिसऱ्या दिवशी काच बसवली."

व्याही हसायला लागले. उलटा माणूस हसला की त्याचं सगळं अंग खाली सरकतं, त्यामुळे मला त्यांना हसू नका म्हणून ओरडावं लागलं, आणि ओरडताना मीच हसायला लागलो. सैकाल वर चढून आली तेव्हा आम्ही त्या अवस्थेत होतो. धापा टाकत तिनं फक्त एवढंच विचारलं, "आधी श्वास मोकळा केलात?"

"केला."

"बाजूनं?"

"बाजूनं."

ती खाली बसली, तोंड हातमोज्यांत लपवलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग उठून खणायला लागली. तोपर्यंत मला वाटत होतं की हिला भीती वाटत नाही.

व्याह्यांचा घोटा मुरगळला होता. त्यांनी स्वतःच चाचपून निदान सांगितलं, घोड्याला असतं तर आठ दिवस कामाला लावायचा नाही. सामान तिथेच ठेवून, ते मधोमध, आम्ही दोघं दोन बाजूंना, असं आडवंतिडवं सरकत दिवस मावळायच्या आत गावात उतरलो. बटाटेवाल्यांच्या दारात काराकोलची टॅक्सी उभी होती. टॅक्सीशेजारी झूरा आणि विहीणबाई उभ्या होत्या.

झालं होतं असं. झूराला विजेचं बिल हवं होतं म्हणून तिनं माझी फाइल उघडली, तर तिला दाखल्याची प्रत सापडली: शस्त्र बाळगण्यास योग्य. तिनं नारिनला फोन केला. तिथे प्रशिक्षण नव्हतं. मग तिनं घाबरून बालिकचीला फोन केला, तर विहीणबाईंनी सांगितलं की हेही तीन दिवस गायब आहेत आणि याकांना लस देण्याचा हा महिना नाही. हॉलवरून आम्ही फोनवर काय काय बोललो होतो ते दोघींनी ऐकलेलं होतं. एक बाप बेपत्ता, दुसरा बेपत्ता, आणि त्यातल्या एकाला बंदुकीचा दाखला. दोघींनी जो अर्थ लावला तो कुठल्याही शहाण्या बाईनं लावला असता. झूरा गुलबाराकडे गेली आणि गुलबारानं पहिल्याच प्रश्नाला रडत रडत सगळं सांगितलं. तिला वाटत होतं की मला असाध्य रोग आहे आणि मी डोंगरात मरायला गेलोय. नाव लिहून घेतल्यापासून ती तीच समजूत मनात धरून होती.

विहीणबाईंनी आम्हाला पाहिलं, नवऱ्याचा हात माझ्या गळ्यात आणि माझा त्यांच्या कमरेत, आणि मटकन टॅक्सीच्या पायरीवर बसल्या. "गोळी कुठे लागली?" त्यांनी विचारलं.

टेबलाशी व्याह्यांनी सगळं सांगितलं. लॉरी, गादी, झाड, मिशी. माझी काच मी सांगितली. मग त्यांनी कुणालाही न विचारता एर्मेकला फोन लावला आणि त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. फोन टेबलावर मधोमध ठेवला होता.

"म्हणजे," एर्मेक म्हणाले, "मार्चमध्ये येणार ना तुम्ही दोघं?"

"घोटा बरा झाला की," व्याही म्हणाले, आणि नाक पुसायला उगीचच खिडकीकडे गेले. लंगडत गेले.

त्यांची गाडी घेऊन विहीणबाई त्यांना बालिकचीला घेऊन गेल्या. आम्ही टॅक्सीत बसलो. मी सुटाची पँट अजून वर डोंगरात पुरलेली आहे हे सांगायला योग्य वेळ शोधत होतो. रस्ता ओळखीच्या गावांतून जात होता, धुराड्यांतून धूर निघत होता.

"येताना याच टॅक्सीत मी बसले होते," ती म्हणाली. "सबंध रस्ताभर वाटत होतं, आता जिवंत भेटत नाही हा माणूस. म्हणून मी तुम्हाला सगळं माफ करून टाकलं. अठ्ठावीस वर्षांचं. एकेक आठवून माफ केलं."

"झूरा," मी म्हणालो.

"आता सगळं परत घ्यावं लागेल," ती म्हणाली, आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. माझ्या मावशीला पहिली चहाची वाटी मी आधी दिली, हिला नाही, ते तिनं परत घेतलं. मग गाय विकली ते. मग तिच्या भावाच्या लग्नात मी काय बोललो ते. मध्येच तिनं माझं चावलेलं बोट पाहिलं, आपल्या ओढणीच्या टोकानं बांधलं, आणि पुढचं वर्ष परत घ्यायला लागली.

काराकोल आलं, आमची गल्ली आली, स्तेपानिचच्या खिडकीतला दिवा दिसला. ती तेव्हा कुठे नवव्या वर्षापर्यंत पोचली होती. तिनं बाहेर पाहिलं आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "थांबू नका. सरोवरापर्यंत जाऊन येऊ."